आयुष्याच्या खेळाचे नियम: समजून घ्यावेत, पाळावेत की बदलावेत?

धुरेकरी
आयुष्य हा खेळ आहे असे आपण सहज म्हणून जातो. पण या खेळाचे नियम कोणी केले, ते कुठे लिहिले आहेत आणि बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत फारसे कोणी विचारत नाही. माझ्या पाहण्यात गावातला माणूस तीन तऱ्हेच्या नियमांखाली जगतो. पहिले कायद्याच्या पुस्तकात छापलेले असतात. दुसरे जातीचे, भावकीचे, लग्नकार्याचे असतात. ते कोणी लिहिलेले नसले तरी लेकरालाही पाठ असतात. तिसरे नियम ज्याच्या हातात काटा, शिक्का किंवा कुलपाची किल्ली असते तो त्या दिवशी तोंडाने सांगतो. गंमत अशी की हे तिसऱ्या तऱ्हेचे नियम नेहमी पहिल्या तऱ्हेचे म्हणून खपवले जातात. "साहेब, तसा नियमच आहे" असे कानावर पडले की आपण मुकाट्याने घरी परततो आणि नशिबाला दोष देतो.

माझे मत असे की कोणताही नियम बदलण्याआधी तो या तिघांपैकी कोणत्या जातकुळीचा आहे हे ओळखावे, आणि निम्मे काम तिथेच होते. आपण कोणता नियम असा ओळखला, तो बदलला की पाळला, आणि त्यासाठी काय मोजावे लागले, हे वाचायला आवडेल. सुविचार कृपया नकोत. ते रोज सकाळी मोबाईलवर पुरेसे मिळतात.

बंडीवान
आमच्या गावाचे नियम सोपे आहेत: पाऊस देवाचा, काटा व्यापाऱ्याचा आणि चूक शेतकऱ्याची.

पऱ्हाटी
बंडीवान यांनी काट्याचा विषय काढलाच आहे, म्हणून कापसापासून सुरुवात करतो. शासकीय खरेदी केंद्रावर कापसाचा हमीभाव ओलाव्याशी बांधलेला असतो, हे अनेकांना केंद्राच्या फाटकात पोहोचल्यावर कळते. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान प्रत्येक टक्क्यामागे भावातून एक टक्का कापला जातो आणि १२ टक्क्यांवरचा कापूस परत पाठवला जातो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, म्हणजे एका टक्क्याची किंमत सुमारे ८१ रुपये झाली. ज्याला हे ठाऊक आहे तो सकाळचे दव उतरेपर्यंत वेचणी सुरू करत नाही, आणि गंजी घालण्याआधी कापूस ताडपत्रीवर पसरून उन्हात हलवतो. हा नियम आपण बदलू शकत नाही; पण तो समजून घेण्याला पैसे लागत नाहीत. त्याच हंगामात मोबाईलवर आगाऊ नोंदणीची अट आली, तेव्हा ज्यांना ती वेळेवर कळली नाही त्यांचा कोरडा कापूससुद्धा खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, गाडीत गेला.

आता दुसरी बाजू. खेडा खरेदीत क्विंटलमागे वजनातून जी दोन किलोची कट्टी (कपात) धरतात ती कोणत्याही पुस्तकात नाही. धुरेकरी यांच्या भाषेत तो अस्सल तिसऱ्या तऱ्हेचा नियम आहे, पण तो माझ्या आजोबांच्या काळापासून चालू आहे. इतके दिवस टिकलेल्या गोष्टीला तुम्ही रीत म्हणणार की लूट?

निवृत्त मास्तर
खेळाच्या नियमांबद्दल चर्चा आहे, तर खऱ्याखुऱ्या खेळाचे उदाहरण घेऊ या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने आपले शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, बंद पडले. तळेगाव दशासरसारख्या पटाच्या गावांत बैलजोड्यांचे शौकीन हळहळत राहिले. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, ती न्यायालयात अडकली, डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. मात्र पट परत आला तो जुना राहिला नाही. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आली, चाबूक आणि विजेचा धक्का यांवर बंदी आली. नियम बदलून घ्यायचा असेल तर त्याच्यासोबत येणाऱ्या नव्या अटीही पत्कराव्या लागतात, असा मी त्यातून अर्थ काढतो.

सीतादही
गुरुजी, आपला आदर ठेवून सांगते की हे उदाहरण मला पटले नाही. पटाच्या मागे गावोगावचे पुढारी होते, आमदार होते, विधानसभा होती. ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांनी काय करावे, हा खरा प्रश्न आहे. बैलांसाठी कायदा बदलतो, हे वाचून आम्हा बायकांना आनंदच होतो.

निवृत्त मास्तर
ताई, आपला टोला वर्मी लागला. ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांचे उदाहरण कोणाकडे असेल तर मलाही वाचायला आवडेल.

वैनगंगाकाठ
मी गडचिरोलीचा असल्याने मेंढा-लेखाचे नाव घेणारच. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्यामागचे कष्टाचे काम फारसे सांगितले जात नाही. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाने पहिल्यांदा नियम बदलले ते स्वतःचे. ग्रामसभेत निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा असे ठरले. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. त्याच्या जोडीला अभ्यास गट चालला. त्यात लोक कायदे समजून घेत, पाहुण्यांना प्रश्न विचारत आणि निर्णयाची घाई करत नसत.

त्यामुळे २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होते. २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. खरी लढाई त्यानंतर झाली. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले होते आणि १९२७ च्या जुन्या वन कायद्यात तो झाड म्हणून नोंदलेला होता. कागदावर हक्क गावाचा, पण वाहतूक परवाना मिळत नव्हता. आणि परवान्याशिवाय तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा कसा? गाव मागे हटले नाही. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले.

सीतादही ताई, या गावामागे आमदारांची फौज नव्हती. कायदा काय म्हणतो हे समोरच्या कर्मचाऱ्याइतकेच, कधी त्याच्याहून जास्त, गावाला ठाऊक होते आणि बोलताना सगळे गाव एका तोंडाने बोलत होते.

बंडीवान
सर्वसहमतीचा नियम आमच्या गावात लावला तर पोळ्याचे तोरण दिवाळीपर्यंत तुटायचे नाही.

तूरवाला
वैनगंगाकाठ यांचे उदाहरण मोठे आहे, पण ते एका समाजाच्या, एका विचाराच्या गावाचे आहे. आमच्यासारख्या चार गटांच्या आणि आठ पुढाऱ्यांच्या गावात एकट्या माणसाला काय करता येते, ते मी सांगतो.

माझ्या वावराला जाणारी पांदण (शेतवाट) शेजाऱ्याने नांगरून आपल्या शेतात मिळवली. पावसाळ्यात बंडी आत जाईना, खताची पोती डोक्यावरून न्यावी लागत आणि तुरीच्या पोत्यांसाठी मजूर वेगळे पैसे मागत. गावात जो तो सांगे की तहसीलदारांकडे अर्ज कर, पण कोणत्या कायद्याखाली करायचा हे कोणीच सांगत नव्हते आणि इथेच लोक फसतात. जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे ते धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) नवा रस्ता मागण्यासाठी. आधीपासून वहिवाटीत असलेला रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लागते, आणि त्याला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. दोन्हीकडे बसलेला अधिकारी एकच, पण दारे दोन. जो चुकीच्या दारात रांग लावतो, त्याचे सहा महिने तिथेच जातात आणि मग त्याला सांगितले जाते की मुदत संपली.

मी योग्य दारातला अर्ज लिहून, जुना नकाशा जोडून, तयार करून घरात ठेवला. मग तो दाखल न करता शेजाऱ्याच्या ओट्यावर चहा प्यायला गेलो आणि अर्जाची प्रत त्याला वाचायला दिली. त्याने ती दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि बायकोला आणखी एक कप चहा ठेवायला सांगितला. उन्हाळ्यात दोघांनी आपापल्या बाजूची पट्टी सोडून पांदण मोकळी केली. नियम वापरावा लागला नाही, तरी तो ठाऊक नसता तर त्या चहाला काही चव आली नसती.

धुरेकरी
तूरवाला, हे फार उपयोगी आहे. शेजारी अडला असता आणि प्रत परत फेकली असती, तर आपण अर्ज दाखल केला असता का?

तूरवाला
सहा महिन्यांपैकी बरेच दिवस शिल्लक असतानाच मी त्याच्या ओट्यावर गेलो होतो.

सीतादही
आता मी माझा मुद्दा मांडते. इथे बहुतेकांचा सूर असा दिसतो की नियम कळला की माणूस सुटला. बायकांचा अनुभव याच्या उलट आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा, हा नियम महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. आमच्या पंचक्रोशीतल्या शिकलेल्या मुलींना तो तोंडपाठ आहे. तरीही वडील गेल्यावर दुय्यम निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात काय दिसते? बाकावर तीन बहिणी बसलेल्या असतात, भाऊ झेरॉक्स काढायला धावत असतो, वहिनीने डबा आणलेला असतो. आत नाव पुकारले की एकेक बहीण उठते, अंगठ्याची शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसते आणि हक्कसोड पत्र पूर्ण होते. कायदा तिला माहीत असतो. त्याच्या शेजारी दुसरा नियम उभा असतो की वाटा घेतला तर माहेर तुटले. दिवाळीला, बाळंतपणाला, नवऱ्याशी भांडण झाले तर जायला एकच दार असते, आणि त्या दाराची किंमत तिला दीड एकरापेक्षा जास्त वाटते.

धुरेकरी दादा, आपल्या तीन तऱ्हांमध्ये नियम मोडल्यावर भुर्दंड कोण भरणार याची नोंदच नाही. आणखी एक बोचरी गोष्ट म्हणजे ज्या बाईला जुने नियम सर्वांत चांगले समजलेले असतात, तीच पुढे त्यांची राखणदार होते. आमच्याकडे तिला सासू म्हणतात.

वऱ्हाडी पाटील
ताई, सर्वांना एकाच मापाने मोजू नका. माझ्या बहिणींनी आनंदाने हक्क सोडला, त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती.

सीतादही
दादा, आपल्या बहिणींच्या आनंदावर माझी शंका नाही. आपल्या तालुक्यात एखाद्या भावाने तितक्याच आनंदाने बहिणीच्या नावे हक्क सोडल्याचे उदाहरण असेल, तर ते मात्र अवश्य लिहा.

बंडीवान
पाटील तलाठ्याकडे चौकशीला गेले असावेत, आपण वाट पाहू.

निवृत्त मास्तर
सीतादही ताईंच्या मुद्द्याला एक जोड देतो. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले आणि पुढे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. त्यात नवऱ्याने आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावे करायचा होता. कायद्याने तशी सक्ती कुठेच नव्हती, तरी विदर्भातल्याही अनेक शेतकऱ्यांनी ते केले. भुर्दंड कमजोर बाजूने भरण्याऐवजी ताकदवान बाजूने पुढाकार घेतला, म्हणून माहेर किंवा सासर काहीच तुटले नाही. पण तसा पुढाकार घ्यायला लावणारी चळवळ मागे असावी लागते, हे मलाही मान्य आहे.

मोहफूल
आडवी बाटली (दुकान बंद) आणि उभी बाटली (दुकान चालू) यांचे मतदान आमच्या चंद्रपूरच्या बाजूला पाहिलेल्यांना नियमातली मेख लगेच समजेल. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे आणि मग गुप्त मतदान. इथे साध्या निवडणुकीसारखे पडलेल्या मतांचे बहुमत चालत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई मजुरीवर गेली, जी लेकीकडे गेली, जिचे नाव मेल्यावरही यादीत राहिले, ती प्रत्येक जण उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. ज्यांना हे आधी उमगले त्यांनी प्रचारापेक्षा मतदार यादी तपासण्यावर आणि बायांना गाडीने आणण्यावर जोर दिला. ज्यांनी नुसत्या घोषणा दिल्या त्यांच्याकडे जोश होता, मते कमी पडली.

नियम बदलला तरी तो कायमचा राहतो असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. मधल्या काळात नदीपलीकडच्या, बंदी नसलेल्या वणीच्या वाटा लोकांना चांगल्या पाठ झाल्या होत्या.

चाकणचा यवतमाळकर
या सगळ्या खटाटोपापेक्षा खेळच सोडलेला बरा, म्हणून मी पुण्याकडे कंपनीत आलो. इथले नियम कागदावर छापून मिळतात. मात्र कंत्राटदाराचा माणूस पगाराच्या दिवशी जे सांगतो ते त्या कागदावर नसते.

धुरेकरी
म्हणजे तिसरी तऱ्हा चाकणपर्यंत पोहोचलेली आहे. चर्चा बरीच पुढे गेली, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. सीतादही ताईंचा आक्षेप मला मान्य आहे आणि माझ्या मांडणीत तो धरून चालायला हवे: नियम ओळखणे ही एक गोष्ट, तो मोडण्याची ऐपत असणे ही दुसरी. तूरवाला यांना चहा पिता आला कारण ते शेजाऱ्याचे काही देणे लागत नव्हते. या नजरेने पऱ्हाटी यांच्या कट्टीकडे पाहिले तर काय दिसते?

पऱ्हाटी
मीही तोच विचार करत होतो. मागील हंगामात आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून कट्टीला विरोध करायचे ठरवले. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते, हे आम्ही शोधून काढले होते. व्यापाऱ्याच्या काट्यावरचा शिक्का पाहिला तर तो चालू वर्षाचा होता. काटा खरा होता, वजन बरोबर येत होते आणि कट्टी त्यानंतर वहीवर तोंडी धरली जात होती. कट्टी धरली तर माल देणार नाही, असे आम्ही स्पष्ट सांगितले. त्या संध्याकाळी निम्मे गडी गळाले.

कारण विचारल्यावर एकेकाने खाली मान घालून सांगितले की पोळ्याच्या सुमारास फवारणीच्या औषधासाठी त्याच व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली आहे. उचलीवर व्याज लावत नाही म्हणून तो भला माणूस समजला जातो. दोन किलोची कट्टी हेच त्याचे व्याज आहे, आणि ते उचल न घेतलेल्यांकडूनही वसूल होते. तेव्हा हा नियम काट्यावर बदलणार नाही, तो ऑगस्टमध्ये बदलावा लागेल.

वैनगंगाकाठ
पऱ्हाटी, आपले हे निरीक्षण सगळ्या धाग्यात मला सर्वांत मोलाचे वाटले. आता पुढचा प्रश्न: ऑगस्टमध्ये पैसा आणायचा कोठून? डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शून्य टक्क्याने पडते. ज्याचे खाते चालू आहे त्याने उचल घेण्याचे कारणच नाही.

तूरवाला
चालू खाते असलेल्याला कारण नाही हे खरे. पण ज्यांचे कर्ज थकले आहे त्यांना बँक दारात उभे करत नाही, आणि उचल घेणारे बहुतेक तेच आहेत. मुदतीत फेडण्याची अट पाळायची तर मार्चच्या आत कापूस विकला जावा लागतो, मग तो भाव असो वा नसो. ही गाठ सुटी करून पाहा.

सीतादही
आमच्या बचत गटाने यावर एक प्रयोग केला आहे, तो सांगते. गटाच्या जमा रकमेतून फवारणीच्या हंगामात सदस्य बाईला महिना एक टक्का दराने कर्ज द्यायचे. अट अशी की त्या घरचा कापूस विकताना काट्यावर ती स्वतः उभी राहील आणि चुकारा (विक्रीचे पैसे) तिच्या खात्यात येईल. पहिल्या वर्षी पुरुष मंडळींना ही अट रुचली नाही. पण ज्या घरांनी ती मानली त्यांच्यावर उचलीचे ओझे नव्हते, त्यामुळे त्यांनी कट्टी नाकारली आणि व्यापाऱ्याने दोन-तीन दिवस तोंड फिरवून शेवटी बिनकट्टी माल उचलला. त्याला जिनिंगला गाडी भरून द्यायची असतेच.

बंडीवान
म्हणजे आता घरातच व्यापाऱ्यापेक्षा कडक सावकार बसला. माझ्या घरी हा धागा कोणी दाखवू नये, ही विनंती.

पऱ्हाटी
सीतादही ताई, महिना एक टक्का म्हणजे वर्षाला बारा. फवारणी ते विक्री असे चार-पाच महिने धरले तर शेकडा चार-पाच रुपये पडतात. दोन किलोची कट्टी शेकडा दोनच वाटते, पण ती उचलीवर नसून सगळ्या कापसावर लागते. वीस क्विंटल कापसावर चाळीस किलो, म्हणजे २०२५-२६ च्या हमीभावाने तीन हजारांच्या वर. आणि उचल असते दहा-पंधरा हजारांची. हा हिशेब मी आमच्या गळालेल्या गड्यांना कागदावर मांडून देणार आहे. आपल्या गटाने अर्जाचा नमुना केला असेल तर तो इथे टाकाल का? आणि गटात बाई नसलेल्या घरांचे, म्हणजे एकट्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे, आपण काय केले?

सीतादही
नमुना हाताने लिहिलेला आहे, उद्या फोटो काढून टाकते. एकट्या म्हाताऱ्यांचे अजून काहीच ठरलेले नाही. येत्या बैठकीत तोच विषय आहे आणि दोन सदस्यांचा त्याला विरोध आहे.